अंगकोरला कुठली बॉडी न्यायची? एका काकूंच्या कॅमेऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका काकूंचं. त्यांना विचारूनच लिहितोय, ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. काकू बँकेतून रिटायर झाल्या, मग मूर्तिशास्त्राच्या वर्गाला जायला लागल्या आणि तिथे इतक्या रमल्या की आता भुलेश्वरच्या देवळात कुठल्या कोपऱ्यात काय कोरलंय ते त्यांनाच विचारायचं. वर्गातल्या मंडळींनी जानेवारीत कंबोडियाला जायचं ठरवलं. सिएम रीपला मुक्काम, अंगकोरचा तीन दिवसांचा ६२ डॉलरवाला पास, आणि एक दिवस बांते स्रेईच्या कोरीव देवळाला. मी देवळांचे फोटो काढतो हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे कॅमेऱ्याचा विषय माझ्याकडे आला.

काकूंकडे निकॉन डी७५० आहे. २०१४ चं मॉडेल, फुल फ्रेम (म्हणजे मोठा सेन्सर), २४ मेगापिक्सेल, दोन कार्डांचे स्लॉट, वर २४ ते १२० एमएम झूमची एफ/४ लेन्स. आजही कुणाला कमी वाटू नये असा कॅमेरा आहे, आणि काकूंना त्याचं बटण न बटण पाठ. पण बॅटरी-कार्डासकट बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा, ८४० ग्रॅम, लेन्स ७१०, म्हणजे हातात दीड किलोच्या वर. आणि काकूंच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी गेल्या वर्षापासून दुखतंय, डॉक्टरांनी वजन उचलताना जपायला सांगितलंय.

प्रश्न नेमका काय होता

सुरुवातीला प्रश्न "जड कॅमेरा न्यावा की हलका" एवढाच वाटत होता. भाचा म्हणाला, "मावशी, माझा फुजी घेऊन जा, विषय संपला." वर्गातले एक काका म्हणाले की डी७५० सोडून जाणं म्हणजे वेडेपणा. दोघांचंही बरोबर होतं, म्हणूनच काही ठरेना.

मी काकूंना एकच विचारलं, तुम्हाला तिथून काय घेऊन यायचंय? तेव्हा खरी गोष्ट कळली. त्यांना आल्बम करायचाच नव्हता. अंगकोर वाटच्या पूर्व गॅलरीत समुद्रमंथनाचा जो कोरीव पट आहे, ४९ मीटर लांब, मधे विष्णू, खाली कूर्म, एका बाजूला ९२ असुर आणि दुसऱ्या बाजूला ८८ देव वासुकीला धरून ओढतायत, तो त्यांना सलग हवा होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, प्रत्येक चेहरा दिसेल असा. पश्चिम गॅलरीतला कुरुक्षेत्राचा पट आणि त्यातला शरपंजरी भीष्म हवा होता. आणि बांते स्रेईला रावण कैलास हलवतोय ते शिल्प, कारण त्यांना ते वेरूळच्या कैलास लेण्यातल्या शिल्पाशेजारी ठेवून वर्गात दाखवायचं होतं.

हे कळल्यावर सगळा हिशोब बदलला, कारण हे टूरिस्टचे फोटो नाहीत, नोंदीचं काम आहे, आणि त्यात एक फ्रेम हलली तर पटात तेवढंच भोक पडतं.

अडचणी मग एकेक करून दिसायला लागल्या. गॅलरी आतून सावलीत, उजेड एका बाजूच्या खांबांमधून येणार. ट्रायपॉडवर भरवसा ठेवून प्लॅन करता येत नाही, गर्दीत तो उभा करायला जागा मिळेलच असं नाही आणि विमानाच्या ७ किलोच्या केबिन बॅगेत तो बसवायचा कुठे. पट सलग घ्यायचा तर कॅमेरा उभा धरावा लागतो. एपीएस-सी बॉडीवर (फुजीसारखी, सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान) २३ एमएमला दोन मीटर अंतरावरून उभ्या फ्रेममध्ये साधारण दोन मीटर उंची बसते पण रुंदी जेमतेम १.३-१.४ मीटर, त्यात एक तृतीयांश ओव्हरलॅप सोडला तर दर ९० सेंटीमीटरला एक फोटो, म्हणजे एका पटाला पन्नास-पंचावन्न फ्रेम. फुल फ्रेमवर ३५ एमएमला हेच गणित. दीड किलोचा कॅमेरा, उभा, मनगट वळवून, पन्नास वेळा. दुखण्याचा खरा संबंध इथे होता, नुसत्या वजनाशी नव्हे.

पर्याय आणि त्यांची तुलना

पहिला पर्याय अर्थात डी७५०. बाजूने सांगायचं तर हायआयएसओला, म्हणजे कमी उजेडात सेन्सरची संवेदनशीलता वाढवल्यावर, फुल फ्रेमचा फायदा एका स्टॉपपेक्षा (दुप्पट उजेडापेक्षा) थोडा जास्तच मिळतो, दोन कार्डांवर एकदम फोटो लिहिले जातात, एका बॅटरीत हजाराच्या वर फोटो निघतात, २४-१२० मध्ये गॅलरीही होते आणि लांबचं शिल्पही, लेन्स बदलायची वेळच येत नाही. लेन्समध्ये व्हीआर आहे, म्हणजे हात हलला तरी फोटो सावरणारी सोय. आणि हात बसलेला आहे, जो माझ्या मते निम्मा कॅमेरा असतो.

दुसरा पर्याय भाच्याचा फुजी एक्स-एस१०. २६ मेगापिक्सेल, एपीएस-सी, ४६५ ग्रॅम, बरोबर १८-५५ लेन्स ३१० ग्रॅमची, म्हणजे हातातलं वजन निम्म्यावर. बॉडीतच स्टॅबिलायझेशन, म्हणजे व्हीआरचंच काम. शिवाय या मॉडेलला फुजीची ती जुन्या पद्धतीची शटर स्पीडची चक्री नाही, ऑटो ते मॅन्युअल मोड निवडायचा नेहमीचा पी-ए-एस-एम डायल आहे, त्यामुळे निकॉनवाल्या माणसाला फार परकं वाटत नाही. विरोधात काय, तर कार्ड एकच, बॅटरी सव्वातीनशे फोटोंची, पाणी-धुळीपासून सीलिंग नाही, आणि १८-५५ पुढच्या टोकाला फुल फ्रेमच्या ८२ एमएमइतकीच पोचते. बांते स्रेईला मधल्या देवळांभोवती दोरी लावलेली असते, वरच्या शिल्पांचे फोटो लांबूनच घ्यावे लागतात, तिथे हे कमी पडणार हे उघड होतं.

तिसरा, नवीन मिररलेस फुल फ्रेम घेणं. घरच्यांचा आग्रह होता. लेन्ससकट लाखाच्या बऱ्याच पुढे जातं, पण पैशापेक्षा मला वाटलं की निघायच्या तोंडावर नवी बॉडी घेऊन परदेशी जाणं हे नोंदीच्या कामासाठी चुकीचं आहे. काकूंनीही तो विषय दोन मिनिटांत बंद केला.

चौथा, फक्त फोन. फोनची वाइड लेन्स चांगली असते, फोटोबरोबर ठिकाणही नोंदवलं जातं, पण अंधारात फोन दगडाच्या पोताला घासूनपुसून गुळगुळीत करतो, आणि मूर्तीत नेमकी तिथेच माहिती असते, दागिन्याची कड, वस्त्राची चुणी. मुख्य कॅमेरा म्हणून बाद, वहीचा जोडीदार म्हणून पास.

निर्णयाचा पहिला टप्पा: कागद बाजूला ठेवून देवळात

स्पेसिफिकेशनवर आम्ही बराच वेळ घालवला असता, पण पुण्यात राहायचा एक मोठा फायदा असा की अंधारी, कोरीव, गर्दीची देवळं हाताशी आहेत. सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ घ्या, काळा बेसाल्ट, दर्शनी भिंतीवर दाट कोरीव काम, गेंड्याला साखळदंडाने बांधणारा इंग्रज सैनिक सुद्धा आहे. आणि आतल्या अंधाराची परीक्षा घ्यायची तर यवतच्या वर भुलेश्वर, तिथल्या प्रदक्षिणा मार्गात भर दुपारी डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. दोन्ही कॅमेरे घेऊन दोन्हीकडे गेलो.

भुलेश्वरला जे दिसलं त्यावर सगळं ठरलं असं मी म्हणेन. कोरीव कामाचा एकच पट्टा, दोन्ही कॅमेरे उभे धरून, आयएसओ १६००, शटर १/१५ सेकंदाच्या आसपास. डी७५० चे पहिले काही फोटो सुरेख आले, फुजीपेक्षा स्वच्छ, सावलीत नॉइज (फोटोतले दाणे) कमी. पण जसजसं पुढे सरकत गेलो तसे हलायला लागले, आणि शेवटच्या टप्प्यात काकू प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा खाली घेऊन हात झटकत होत्या. व्हीआर होतं, पण थकलेल्या मनगटाला व्हीआर किती पुरणार. फुजीवर त्यांनी स्क्रीन बाजूला उघडली, कॅमेऱ्याचा पट्टा मानेत ताणून धरला, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवली, आणि छातीच्या उंचीवर कॅमेरा उभा ठेवून खाली बघत फोटो घेतले. १/८ ला सुद्धा फ्रेम न फ्रेम टोकदार.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी कागदावर कुणाच्या लक्षात येत नाही. डी७५० ची स्क्रीनही हलते, पण फक्त वर-खाली, कॅमेरा उभा धरला की तिचा काही उपयोग नाही, आणि लाइव्ह व्ह्यूला, म्हणजे स्क्रीनवर बघून फोटो घेताना, फोकस हळू लागतो म्हणून शेवटी कॅमेरा डोळ्यालाच लावावा लागतो. एक्स-एस१० ची स्क्रीन बाजूला उघडून फिरते, त्यामुळे उभ्या फ्रेमलाही चालते. म्हणजे फरक सेन्सरचा नव्हताच, धरायच्या पद्धतीचा होता.

आणि फुल फ्रेमच्या त्या एका स्टॉपचं काय? पाषाण हलत नाही. माणसं किंवा पक्षी असते तर शटर वाढवावाच लागला असता आणि तिथे डी७५० नेच बाजी मारली असती, पण स्थिर शिल्पाला शटर खाली आणता आला की आयएसओ खाली येतो आणि फायदा तिथेच वसूल होतो. शिवाय पटाला थोडी खोली असते, ती सगळी स्पष्ट यावी म्हणून फुल फ्रेमवर लेन्सचं तोंड बारीक करून एफ/८ लावायचं, तिथे एपीएस-सीवर एफ/५.६ ला तेवढंच भागतं. वर्गातल्या काकांना हे फोटो शेजारी ठेवून दाखवल्यावर तेही म्हणाले, "न्या फुजी."

दुसरा टप्पा: लेन्स आणि उसना माल

आता बांते स्रेईचा प्रश्न. माझ्या मनात फुजीची १६-८० एफ/४ लेन्स होती, फुल फ्रेमच्या २४-१२० इतकीच रेंज, ४४० ग्रॅम, लेन्स बदलायची कटकट नाही. भाड्याने घ्यायची म्हणून चौकशी केली तर माल देशाबाहेर न्यायला परवानगी नाही असं स्पष्ट सांगितलं. आधी विचारलं हे बरं झालं. सही करायच्या आधी ही अट सगळ्यांनीच वाचावी. भाच्याकडे ५५-२०० पडून होती, ५८० ग्रॅमची. ती ठरली, पण बॅगेत राहील आणि फक्त बांते स्रेईच्या दिवशी निघेल असं.

काकूंनी इथे एक काम फार चांगलं केलं. भाच्याला समोर बसवून म्हणाल्या, "हे बघ, हरवला, पडला, फुटला तर मी भरून देणार, ते आत्ताच ठरवू, नंतर तू नको म्हणशील आणि मला झोप लागायची नाही." घरातला कॅमेरा उसना घेताना हे बोलायला लोक संकोचतात. प्रवास विम्यात कॅमेऱ्याला किती कव्हर आहे तेही त्याच बैठकीत वाचून घेतलं.

बिलं भाच्याच्या नावावर होती, त्यांच्या प्रती घेतल्या आणि बॉडी आणि लेन्सचे सीरियल नंबर लिहून काढले. मुंबई विमानतळावर जाताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्यायचं ठरलं, म्हणजे परत येताना ही वस्तू इथूनच नेलेली आहे याचा कागद हातात राहतो. त्यासाठी पुण्याहून निघायची वेळ मुद्दाम अलीकडे घेतली, एक्स्प्रेसवेचा काही नेम नसतो.

तयारीत काय केलं

महिनाभर काकूंनी डी७५० कपाटात ठेवला आणि फक्त फुजी वापरला. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पहिल्या आठवड्यात वैताग होता, लेन्स बसवताना निकॉनच्या सवयीने उलटी फिरवायच्या, बारीकसारीक मेनूत हरवायच्या. पाताळेश्वरला जाऊन आतल्या अंधारात सेटिंग न बघता बदलायचा सराव केला. एका देवळात ट्यूबलाइटखाली सायलेंट शटरने घेतलेल्या फोटोंवर आडवे पट्टे आले, तेव्हा कळलं की इलेक्ट्रॉनिक शटर अशा दिव्यांखाली वापरायचा नाही, मग मेकॅनिकल शटरच कायम लावून ठेवला.

पटाचा सराव सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर. भिंतीपासून दोन मीटरवर खडूची रेघ, त्या रेघेवर दर ९० सेंटीमीटरला खूण, एक्स्पोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स फिक्स, फोकस एकदा लावून बंद, आणि मग एकेक पाऊल सरकत भिंत टोकापासून टोकापर्यंत. खाली खेळणारी पोरं पहिल्या दिवशी विचारत होती, नंतर तीच खुणा काढून द्यायला लागली. घरी येऊन फोटो जोडले की कुठे पाऊल जास्त पडलं ते लगेच दिसायचं. शेवटी शेवटी काकूंचं पाऊलच ९० सेंटीमीटरचं झालं, खडूची गरज राहिली नाही.

एका कार्डाच्या अडचणीवर उपाय असा, रोज नवं ६४ जीबी कार्ड, भरलेलं कार्ड पर्समध्ये, आणि रोज रात्री फोनला कार्ड रीडर जोडून छोट्या एसएसडीवर कॉपी. बॅटऱ्या तीन, सगळ्या केबिन बॅगेत, टोकांना टेप लावून, कारण सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत. पॉवर बँकचंही तेच. फुजी यूएसबीवर चार्ज होतो, त्यामुळे बसमध्येही चार्जिंग झालं, डी७५० ला हे जमलं नसतं.

तिथे काय झालं

अंगकोर वाटचं तोंड पश्चिमेला आहे. पहाटे सगळी गर्दी पश्चिमेच्या तळ्याकाठी सूर्योदय बघायला थांबते, आणि समुद्रमंथन आहे पूर्वेला. काकू आणि वर्गातल्या एक ताई पहाटेच मागच्या बाजूला गेल्या. पण सूर्य वर आला तसा थेट खांबांमधून आत घुसला आणि पटावर ऊन-सावलीचे उभे पट्टे पडले. त्या उजेडात पट घेतला असता तर एक असुर पांढराफटक आणि शेजारचा काळा. इथे थांबायचं की उरकायचं, हा प्रवासातला सगळ्यात कठीण निर्णय, कारण ग्रुप कुठल्याही क्षणी पुढे निघणार होता. काकू थांबल्या. मधल्या वेळात वासुकीचे तपशील, शेपटीकडचं वानरमुख, वरच्या अप्सरा असं घेतलं, ऊन चढून पट्टे सरकले आणि उजेड मऊ झाला तेव्हा पट सुरू केला. दोनदा घेतला, एकदा दक्षिणेकडून आणि एकदा उलट. हात दुखला नाही असं नाही, पण दोन्ही फेऱ्या पूर्ण झाल्या. कुरुक्षेत्राचा पट दुपारी पश्चिमेच्या उजेडात मिळाला.

वरच्या मजल्याच्या उभ्या जिन्यावर हलक्या कॅमेऱ्याचा फायदा वेगळाच, आडवा पट्टा लावून कॅमेरा पाठीवर सारला आणि दोन्ही हातांनी कठडा धरता आला.

बांते स्रेईला ५५-२०० गाडीत बसूनच लावली, बाहेर लाल माती उडत होती. दक्षिणेकडच्या ग्रंथालयाच्या शिल्पपट्टीवरचा रावण १५० एमएमच्या आसपास सगळा फ्रेममध्ये आला, दहा तोंडांची उतरंड मोजता येते, वर भ्यालेली पार्वती शंकराला बिलगलेली. हा फोटो १८-५५ ने निघालाच नसता.

त्रास झाला तो बॅटरीचा, दुपारपर्यंत दोन संपायच्या, कारण स्क्रीन सतत चालू. आणि एसी बसमधून उतरल्यावर लेन्सवर वाफ धरायची, मग उतरायच्या आधीच कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून थोडा वेळ बाहेरच्या हवेत ठेवायची सवय लावली. फोनने माहितीफलक, आराखडे आणि काकूंच्या आवाजातल्या नोंदी असं काम केलं, आणि ते अतिशय उपयोगी पडलं.

निष्पत्ती

परत आल्यावर समुद्रमंथन जोडलं. दोन फेऱ्या असल्यामुळे एका फेरीत जिथे कुणाचं डोकं आडवं आलं तिथे दुसऱ्या फेरीची फ्रेम वापरली. पट पूर्ण आहे. वर्गात प्रोजेक्टरवर तो डावीकडून उजवीकडे सरकवत काकू दीड तास बोलल्या, आणि मग वेरूळचा आणि बांते स्रेईचा रावण शेजारी शेजारी लावला. मी त्या वर्गाला होतो, प्रश्न संपत नव्हते.

डी७५० विकलेला नाही. घरी ट्रायपॉडवर लहान मूर्तींचे फोटो काढायला तोच वापरतात, तिथे वजनाचा प्रश्नच येत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायला वापरतात तो करडा पुठ्ठा, न्यायला हवं होतं. व्हाइट बॅलन्स फिक्स असला तरी उजेड बदलत गेला आणि दगडाचा रंग जोडताना जुळवायला बराच वेळ गेला. प्रत्येक पटाच्या सुरुवातीला आणि शेवटी कार्डाचा एक फोटो पुरला असता.

१६-८० सेकंडहँड शोधायला वेळ होता, तो भाड्याच्या चौकशीत गेला. ती असती तर १८-५५ घरीच राहिली असती.

दुसरी बॉडी नव्हती, ही मला आजही सगळ्यात मोठी जोखीम वाटते. फुजी दुसऱ्या दिवशी बंद पडला असता तर फोनवर भागवावं लागलं असतं. डी७५० बॅकअप म्हणून न्यावा असं मी म्हणणार नाही, सात किलोत तो बसला नसता. पण ग्रुपमध्ये कोणाकडे कुठली बॉडी आहे, कुणाची बॅटरी-लेन्स एकमेकांना चालते, याची यादी आधी केली असती तर बॅकअप आपोआप तयार झाला असता. ग्रुपने जाणाऱ्यांनी हे जरूर करावं, एका संध्याकाळचं काम आहे.

पुढचा बेत जावाचा चाललाय, प्रंबाननची देवळं आणि बोरोबुदूरचा स्तूप. प्रंबाननचं रामायण कठड्याच्या आतल्या अंगाला, उघड्या आकाशाखाली कोरलंय, म्हणजे अंधाराची अडचणच नाही, पण पाऊस आला तर सीलिंग नसलेला कॅमेरा बाहेर काढता येणार नाही. भाचा म्हणतोय फुजीच ने, काकूंनी मात्र पाऊस कमी असलेल्या महिन्यांची यादी मागवलीय, आणि तारखा ठरल्याशिवाय बॉडीबद्दल बोलायचं नाही असं दोघांनाही बजावलंय.